गाळलेला डबा

मोतीबिंदू काढल्यावर माणसाला आधी काय बघावंसं वाटेल याचा काही नेम नाही. पट्टी निघाली तेव्हा माझ्या आत्यानं माझ्याकडं नीट निरखून "लई पिकलीस की गं" असं ऐकवलं. मग हिंगोलीतल्या माझ्या दोन खोल्यांमधली जळमटं बोट दाखवून एकेक मला काढायला लावली. आणि आठवड्याभरानं भाकर कुस्करता कुस्करता म्हणाली, "आता मला नीट दिसून राह्यलं. तो काळ्या पाण्याचा शिनेमा तेवढा एकडाव दाव."

मी शिक्षिका आहे, पन्नाशी उलटलेली, आणि स्वभावानं तापट. "डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालायचेत आणि तुला सिनेमे सुचतात?" असं मी तिला फटकारलं. ती गप्प बसली. पण आत्या गप्प बसली म्हणजे तिनं विषय सोडला, असं कधीच नसतं. दुसऱ्या दिवशी थेंब घालायला गेले तर तिनं डोळा घट्ट मिटून घेतला. "आधी शिनेमाचं बोल," म्हणाली.

त्या सिनेमाचं खरं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे, नुसता 'काळ्या पाण्याचा'. माझे वडील, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, लग्नाआधी टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. जिथं जत्रा तिथं त्यांचा तंबू. आत मातीवरच बसायचं, मधे दोर, एका अंगाला बाया आणि दुसऱ्या अंगाला बाप्ये. शहरात चालून चालून जुने झालेले काळेपांढरे सिनेमे पत्र्याच्या डब्यांतून एसटीच्या टपावर बसून आमच्याकडं यायचे. पुढं वडिलांनी जन्मभर शेतीच केली, पण मशीनवरच्या त्या तीन-चार वर्षांचा रुबाब त्यांच्या बोलण्यातून गेला नाही. दाखवलेल्या सगळ्या सिनेमांपैकी हा एकच ते पुन्हा पुन्हा सांगत. आणि सांगताना आत्या आसपास असली की हटकून आवाज चढवत. मला तेव्हा वाटायचं, रंगात आले म्हणून.

गोष्ट साधी होती. समुद्रातल्या बेटावरचा तुरुंग. तिथं खुनाच्या शिक्षेवर आलेला एक कैदी काथ्या कुटायचा, आणि बायकांच्या बराकीत एक कैदीण सूत कातायची. आठवड्यातून एकदा दवाखान्याच्या रांगेत दोघांची नजरभेट, तेवढ्यावर जीव जडतो. बेटावरचा मोठा साहेब त्यांना लग्नाची परवानगी देतो, टेकडीवर एक झोपडी मिळते. सहा महिने सुखाचे जातात. मग मुकादमाशी त्याची मारामारी होते आणि त्याला समोरच्या लहान बेटावर हलवतात. इकडं तिची शिक्षा संपते. देशाकडं परत नेणारं जहाज धक्क्याला लागतं, पण ती चढत नाही. ती धक्क्यावर उभी आहे, समोरच्या बेटाकडून एक होडी येते आहे, होडीत कुणीतरी ताठ उभं आहे, आणि जहाजाचा भोंगा वाजतो. "आन् तो उतरतो," वडील सांगायचे. "तिनं धीर सोडला न्हाई, म्हून तो आला."

आत्याच्या नवऱ्याला जन्मठेप झाली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. बांधाचं भांडण, फावड्याचा एकच घाव, समोरचा माणूस जागीच गेला. ती माहेरी परत आली. तिसऱ्या वर्षी तिच्या एका चुलतबहिणीनं आपल्या विधुर दिरासाठी तिला विचारलं. ही चुलतबहीण सेनगावला दिलेली. दोघी एका ताटात जेवून वाढलेल्या. तो दीर शिंपीकाम करायचा, कशाच्या नादी नव्हता, आणि आत्याला त्यानं लांबून दोनदा पाहिलंही होतं. आमच्यात काडीमोड घेऊन पाट लावायची जुनी रीत होती. पंचांसमोर काडी मोडली की बाई मोकळी, मग तिनं दुसरं घर करावं. पण ज्या घरांच्या विहिरींना पाणी लागून चार पैसे आले त्यांना ही रीत कमीपणाची वाटू लागली होती. आमचं घर त्यातलंच. तरीही आजोबांनी निर्णय आत्यावर सोडला होता. औंढ्याची शिवरात्रीची जत्रा झाली की ती काय ते सांगणार होती.

त्या जत्रेत वडिलांचा तंबू लागला होता. दिवस मावळताना पहिला खेळ सुरू झाला तेव्हा आत्या बायकांच्या बाजूला बसली होती. दुसऱ्या दिवशी तिनं नाही म्हणून सांगितलं.

एका सिनेमावरून कुणी आयुष्य ठरवतं का? मी कॉलेजात असताना, म्हणजे मला सगळंच कळत होतं तेव्हा, तिला हे तोंडावर विचारलं होतं. ती म्हणाली, "साऱ्या पंचक्रोशीत कैद्याची बायको म्हून मी एकटीच व्हते, पोरी. दुसरी कोणी पाह्यलीच नव्हती. ती एक पडद्यावर दिसली. ती काय करती, तेवढं पाहायला गेले व्हते मी."

नवरा अकरा वर्षांनी सुटून आला, ती सासरी गेली. माणूस आला, पण बोलणं तिकडंच ठेवून आला. ओट्यावर बसून राहायचा, कुणी हाक मारली की उठून हात बांधून उभा राहायचा. चौथ्या वर्षी छातीच्या दुखण्यानं गेला. मूलबाळ झालं नाही. आत्या पुन्हा आमच्या घरी आली आणि तिथंच राहिली. ती चार वर्षं सोडली तर मी तिच्याच हातची आहे. माझी वेणी, माझा ताप, माझं पहिलं लुगडं, सगळं तिनं केलं. आई शेतात, आत्या घरात, अशी आमच्याकडची वाटणी होती.

सेनगावच्या चुलतबहिणीशी मात्र तिनं त्या जत्रेपासून बोलणं टाकलं होतं. लग्नाकार्यात समोर आली तर आत्या तोंड फिरवायची. कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. घरात तिचं नाव निघत नसे, 'सेनगावची' एवढंच.

दोन रविवार मी मोबाइलवर शोधत बसले. शेवटी सापडला. कुणीतरी हौशी माणसानं जुन्या सिनेमांचा साठाच चढवून ठेवला होता. चित्रावर उभ्या रेघा होत्या, गाण्यांचा आवाज मधेच बुडत होता, पण सिनेमा पूर्ण होता. दुपारी आत्या आतल्या खोलीत झोपली असताना मी आधी एकटीच आवाज बारीक करून बघायला बसले. मला नवल वाटत होतं ते वडिलांचं. काथ्या, सूत, दवाखान्याची रांग, मुकादमाच्या कमरेचा पट्टा, सगळं त्यांनी सांगितलं तसंच्या तसं होतं. मी कधीही न पाहिलेला सिनेमा मला पाठ होता. ती धक्क्यावर येऊन उभी राहिली तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी आलं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती, आई त्यांच्या मागोमाग गेली होती, आणि इतक्या दिवसांनी मला वडिलांचा आवाज ऐकू येत होता.

जहाजाचा भोंगा वाजला. सिनेमा संपला नाही. खाली अजून दहा मिनिटं शिल्लक दिसत होती.

होडी लागली. होडीतून उतरला तो दुसराच, एक म्हातारा शिपाई. त्यानं नुसती मान हलवली. "तो येणार नाही. मला विसर म्हणाला," एवढंच बोलला. ती धक्क्यावर मटकन खाली बसली, गुडघ्यात डोकं घातलं. बराच वेळ तशीच. मग उठली, लुगड्याची माती झटकली आणि शिडी चढून जहाजात गेली. समोरच्या टेकडीवरून तो कैदी जहाज जाताना बघत उभा होता. जहाजावर एका अनोळखी बाईनं सरकून तिला जागा दिली, आपली शिदोरी सोडली आणि अर्धी तिच्यापुढं केली. तिनं घास घेतला. ती खात असतानाच 'समाप्त' ही अक्षरं आली.

टुरिंगवाले डबा गाळायचे, म्हणजे एखादं रीळ लावायचेच नाहीत, हे मला ठाऊक होतं. वडीलच हसत सांगायचे: जत्रेत खेळावर खेळ लावायचे, गर्दी बाहेर ताटकळलेली, मग एखादा डबा गाळायचा. कधी गाण्याचा, कधी मारामारीचा. लोकही कुरकुर करायचे नाहीत, पण शेवटचाच डबा कोण गाळतं?

मी ठरवलं, आत्याला भोंग्यापर्यंतच दाखवायचं. तिला आता या वयात कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं सांगायचं तर मला आत्यापेक्षा वडिलांची काळजी जास्त होती. ते तिच्या नजरेतून उतरू नयेत, एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मोबाइल टीव्हीला जोडला. आत्या नवं लुगडं नेसून बसली, हे मला फार लागलं. मुकादमाच्या मारामारीला तिनं माझं मनगट धरलं. भोंगा वाजला आणि मी बटण दाबलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"बराबर," ती म्हणाली. "इथंच संपला व्हता." मग पाय पसरून तिनं भिंतीला पाठ टेकली. "म्हंजी सेनगावची खोटंच बोलली व्हती."

"कोण? कधी?"

तेव्हा तिनं ते सांगितलं, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. जत्रेत दुसऱ्या दिवशीच्या खेळाला सेनगावची जाऊन बसली होती. "खेळ सुटला तशी पळत आली माझ्याकडं. म्हणे, तो येतच न्हाई! ती जहाजात बसून निघून जाती, तू बी नीघ. मी तुझ्या बापाला जाऊन इचारलं, डबा गाळलास काय रे? त्यानं मायची शपथ घेतली. एक गाणं गाळलं म्हणला, शेवट हाच. म्हणला, तिला दिरासाठी बायको पायजे, म्हून बनवून सांगून राहिली. मला पटलं. मशीन चालवणारा तो, तिला काय ठाऊक? चार बायांत मी तिच्या तोंडात मारली."

"मग आता का काढलंस हे?"

"माझा डोळा कापायच्या आधी तिच्या सुनेचा फोन आला व्हता. खुब्याचं हाड मोडलं तिचं, पडूनच हाय. एकडाव येऊन जा म्हणती. मी म्हणलं, आधी डोळ्यानं पाहीन. ती खरी निघाली तर मी जाऊन पाय धरीन तिचे. खोटी निघाली तर काहून जाऊ?" तिनं पडद्याकडं हात केला. "निघाली खोटी. मिटलं. आता न्हाई जात."

ती हातावर जोर देऊन उठायला लागली. रिमोट माझ्या हातात होता. अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी तिकडं वाट बघत होती, आणि वडिलांनी जे केलं तेच पन्नासहून जास्त वर्षांनी मी करून बसले होते. तेही त्यांच्यापेक्षा सोप्या रीतीनं, नुसतं बोटानं.

"आत्या, बस," मी म्हणाले. "संपलेला नाही. मी बंद केला."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि बसली. मी पुढचं लावलं.

ती दहा मिनिटं मी टीव्हीकडं पाहिलंच नाही, तिच्याकडं पाहत होते. होडीतून शिपाई उतरला तेव्हा तिचे ओठ हलले. ती बाई शिडी चढू लागली तेव्हा आत्या थोडी पुढं सरकली. अक्षरं आली. "पुन्यांदा लाव," ती म्हणाली. मी लावलं. दुसऱ्यांदा झाल्यावर म्हणाली, "जेवून राह्यली ना गं ती? सुखानं जेवून राह्यली."

मी टीव्ही बंद केला. मी वडिलांवर घसरले. आत्या बसली त्याच खेळाला शेवटचा डबा गाळायचा, वर आईची शपथ घेऊन खोटं बोलायचं, सख्ख्या बहिणीशी, असं कसं केलं यांनी, वगैरे. बोलता बोलता माझा आवाज चढला. ज्यांच्यावर चिडायचं ते फोटोत जाऊन बसलेले, त्यामुळं मला आणखीच चीड येत होती.

"तवा तुझ्या मायची सोयरीक चालू व्हती," आत्या मधेच म्हणाली. "तुझ्या आजोळच्यांनी सांगून धाडलं व्हतं. घरात पाट लागला तर पोरगी देणार न्हाई. त्याचा तर तिच्यावर जीव बसला व्हता. पार येडा झाला व्हता."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अट ठाऊक व्हती. डबा ठाऊक नव्हता."

मग ती पुन्हा बोलली, डाळ निवडताना बोलावं तितक्या साध्या आवाजात. "मी निघाले असते तर तू न्हाई जन्मली असतीस."

मला वाटलं, आता ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल, 'तू झालीस हे बरंच झालं' असं काहीतरी म्हणेल. लहानपणापासून माझ्या प्रत्येक रडण्यावर तिच्याकडं एक वाक्य असायचं. या वेळी तिनं ते म्हटलं नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. तिचं अख्खं आयुष्य गेलं होतं आणि मी तिच्याकडून माझंच समाधान मागत होते.

"उद्या सेनगावला चल," ती म्हणाली.

जीपमध्ये ती खिडकीशी बसली. नरसीच्या फाट्यावर जीप माणसं भरायला थांबली तेव्हा मी चहाचं विचारलं, तर नको म्हणाली. दोन्ही बाजूंनी सोयाबीन काढून झालेली रानं होती, मधूनच तुरीची हिरवी पट्टी. तिनं रस्ताभर एकच गोष्ट विचारली, की चार बायांत मारलं तर माफीही चार बायांतच मागायला पाहिजे का. मी म्हणाले, मला नाही माहीत. पहिल्यांदाच मी तिला असं उत्तर दिलं असेन.

सेनगावचं घर बाजाराच्या मागं होतं. सून दारातच भेटली, आत घेऊन गेली. खाटेवर एक लहानखुरी म्हातारी उताणी झोपलेली, छपराकडं बघत. आत्या खाटेपाशी खाली जमिनीवर बसली आणि तिनं तिचे पाय धरले. म्हातारीनं मान वळवली. ओळखायला तिला जरा वेळ लागला.

"तू खरं बोलली व्हतीस," आत्या म्हणाली.

"कोणतं?"

"जहाजाचं. पाह्यला मी शिनेमा. सगळा."

म्हातारीनं डोळे मिटले. हसली की रडली, मला नीट कळलं नाही. "तुझ्याशी खरं बोलले," ती म्हणाली, "पर माझ्या दिराशी दोन वरीस खोटं बोलले. म्हणायची, राग उतरला की येईल ती. तो बी येडा, बसला वाट पाहत."

"मंग?" आत्यानं विचारलं.

"मंग काय. तिसऱ्या वर्षी दुसरी केली. चांगली निघाली ती बी. दोघं बी गेले आता."

आत्यानं तिच्या पायांवरचा हात काढला नाही. सुनेनं मला खुणेनं बाहेर बोलावलं, आणि आम्ही दोघी अंगणात येऊन पावसापाण्याचं बोलत उभ्या राहिलो. निघायची वेळ झाली तेव्हा आत्या म्हणाली, तू जा, मी राहते चार दिवस. चार दिवसांचे तीन महिने झाले. फोन केला की आत्या सांगते, हिला कुशीवर वळवायचं असतं, सुनेला एकटीला जमत नाही, डोळ्यात थेंब मी माझे घालते. परत कधी येणार, हे मी विचारायचं सोडून दिलं आहे. माझ्या दोन खोल्या फार मोठ्या झाल्या आहेत, हे तिला सांगायचंही मी टाळते.

मागच्या रविवारी तिचे कपडे घेऊन गेले होते. आत्या खाटेपाशी बसून म्हातारीला केळं भरवत होती. शेजारची एक बाई विचारपूस करायला आली. गावात नवी आलेली असावी, आत्याकडं बघून तिनं विचारलं, "ह्या कोण?"

मी सांगायला तोंड उघडलं, की या यांच्या चुलतबहीण. तेवढ्यात खाटेवरून उत्तर आलं.

"जाऊ हाय माझी."

शेजारीण "बरं, बरं" म्हणाली. आत्या केळ्याची साल उचलून उठली, आणि पाहुणीसाठी चहा ठेवायला आत गेली.